वाऱ्यासाठी किती रुपये मोजायचे?

प्रश्न : आमचे गाव एटापल्ली–आलापल्ली रस्त्यालगत आहे. सूरजागडचे लोहखनिज नेणारे ट्रक दारावरून जातात. सगळ्यांची तोंडे भिंतीसारखी सपाट. आमची काळी-पिवळी म्हणजे तर चाकांवर ठेवलेली पेटीच. मुलगा मोबाइलवर पाण्याच्या थेंबासारख्या गाड्या दाखवतो आणि सांगतो की या आकाराने तेल वाचते. मग साध्या माणसाला परवडणारी, कमी तेल पिणारी गाडी काढणारे लोक हा आकार का देत नाहीत? आकाराला काय पैसे पडतात?
— एक वाचक, तालुका एटापल्ली

उत्तर : तुमच्या मुलाचे बरोबर आहे आणि ट्रक बनवणाऱ्यांचेही चूक नाही. दोघांच्या डोक्यात वेग मात्र वेगवेगळा आहे.

पुढच्या वेळी खनिजाचा ट्रक गेला की त्याचे तोंड सोडा, पाठ बघा. मागच्या फाळक्यावर लाल धुळीचा थर चढलेला दिसेल. ट्रक तर पुढे पळतो आहे, मग धूळ त्याचा पाठलाग करून फाळक्याला चिकटते कशी? ट्रक हवा फाडत पुढे सरकला की त्याच्या पाठीमागे हवेचा दाब उतरतो. ती जागा भरायला आजूबाजूची हवा भोवरे घेत आत शिरते आणि सोबत धूळ आणते. हाच उतरलेला दाब ट्रकला मागे खेचत असतो. म्हणजे वारा गाडीला समोरून ढकलतो आणि पाठीमागून ओढतोही. थेंबाच्या आकाराची खरी करामत त्याच्या निमुळत्या शेपटीत असते, कारण ती हवेला भोवरे न करता पुन्हा एकत्र येऊ देते. नुसता गोलवा पुरत नाही. फोक्सवॅगनची जुनी बीटल दिसायला किती गुळगुळीत, पण तिचा रोध गुणांक, म्हणजे आकारामुळे वारा किती अडवतो याचे माप, ०.४८ च्या आसपास होता. आजच्या साध्या चौकोनी वाटणाऱ्या मोटारी ०.३० ते ०.३५ मध्ये बसतात.

आता वेगाकडे येऊ. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट, तिप्पट झाला की नऊपट. चार माणसे बसलेली, सगळी मिळून साडेआठशे किलोची एक लहान मोटार डोळ्यांपुढे आणा. समजा, कुणीतरी दोरी बांधून तिला मागे ओढतो आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरांमुळे होणारी ओढ सुमारे १० किलो भरेल आणि ती वेगाने फारशी बदलणार नाही. वाऱ्याची ओढ ताशी ३० किलोमीटरला सुमारे ३ किलो, ६० ला १२ किलो आणि ९० ला २७ किलो. ५५ च्या आसपास दोन्ही ओढी सारख्या होतात. त्याखाली टायरांचे राज्य, त्यावर वाऱ्याचे.

समजा, आपण पदरचे पैसे घालून या गाडीचा आकार सुधारला आणि वाऱ्याची ओढ एक पंचमांशाने कमी केली. ताशी ९० ला एकूण ३७ किलोंतले साडेपाच किलो वाचतात. ही बचत घसघशीत आहे. ताशी ३० ला मात्र १३ किलोंतला जेमतेम अर्धा किलो वाचतो. शिवाय गावातून जाताना म्हशी, शाळेची मुले, गतिरोधक यांच्यासाठी ब्रेक दाबला की गाडीने कमावलेला वेग ब्रेकच्या उष्णतेत जिरतो. तो परत मिळवायला लागणारे तेल गाडीच्या वजनावर ठरते. तिथे थेंबाचा आकार काहीच मदत करत नाही.

आता तुमच्या मूळ शंकेकडे, म्हणजे आकाराला काय पैसे पडतात याकडे येतो. हवा बिल पाठवत नाही हे खरे, पण तिला खूश करायला जे करावे लागते त्याचे बिल येते. निमुळती शेपटी हवी तर गाडी लांब होते. लांबी म्हणजे जास्त पत्रा, जास्त पत्रा म्हणजे जास्त वजन. छत मागे उतरते ठेवले की मागच्या सीटवरच्या माणसाचे डोके छताला लागते. वळणदार पत्र्याला खोल साचे लागतात. काचा दारांच्या पातळीत घट्ट बसवायच्या तर रबर, चौकट, जोडणी सगळेच नेमके हवे. गाडीचे पोट खालून सपाट झाकायचे तर प्लास्टिकचे मोठे तक्ते हवेत. गाडी जमिनीला जितकी लगटून चालेल तितके वाऱ्याच्या दृष्टीने बरे, पण अशी गाडी घेऊन पावसाळ्यात भामरागडच्या बाजूला निघालात तर ते तक्ते पहिल्याच खड्ड्यात राहतील. आपल्याकडे पोटाखाली वीतभर उंची ही गरज आहे आणि त्या उंचीची किंमत आपण वाऱ्याला देतोच.

वाऱ्याला पूर्ण खूश केले की काय होते, याचे उदाहरण फोक्सवॅगननेच दाखवले. त्यांच्या एक्सएल-१ या दोन माणसांच्या गाडीचा रोध गुणांक ०.१८९ होता आणि शंभर किलोमीटरला एक लिटरहून कमी डिझेल लागेल असा कंपनीचा दावा होता. २०१३ मध्ये आलेल्या या गाडीच्या अवघ्या २५० प्रती निघाल्या आणि किंमत एक लाख युरोच्या वर होती. त्यातला मोठा वाटा कार्बन तंतूंच्या हलक्या सांगाड्याचा आणि डिझेल-वीज अशा जोड यंत्रणेचा. तेल वाचवणारी गाडी बनवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. वाचलेल्या तेलातून गाडीची जास्तीची किंमत कधी फिटणार, हा प्रश्न तसाच राहिला.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो समोर आणली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूला आधी आकडा मिळाला होता, लाख रुपयांचा. गाडी त्या आकड्यात बसवायची होती. म्हणून चाकाला चारऐवजी तीन नट, एकच वायपर, साध्या प्रकारात बाहेर एकच आरसा, आणि न उघडणारे मागचे दार. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या चाकांजवळ बसवले. त्यामुळे पुढून मागे जाणारा लांब दांडा वाचला आणि गाडी सुमारे ३.१ मीटर लांबीत आटोपली, वजन सहाशे किलोंच्या आसपास राहिले. छत मात्र उंच, कारण आत बसणाऱ्याच्या डोक्याला जागा मिळाली पाहिजे.

थेंब आणि नॅनो यांच्यात काही नाते दिसत नाही. आखूड, उंच, मागून उतरत न जाता तुटलेली. पण त्या काटकसरीत एक गंमत दडली आहे. बाहेरचा आरसा वाऱ्याला अडवतो आणि वायपरही थोडे अडवतो. त्यातला एक-एक काढला की पैसे वाचले, वजन वाचले आणि वाराही थोडा सुटला. किंमत आणि वारा यांचे नेहमी भांडणच असते असे नाही. जिथे दोघांचा फायदा एका बाजूला पडतो, ती जागा आधी शोधायची, हीच स्वस्त गाडी बनवणाऱ्याची हुशारी. बाकीच्या ठिकाणी नॅनोच्या चमूने वजनाची बाजू घेतली. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या प्रमाणपत्रात तिची धाव लिटरला २३.६ किलोमीटर होती. पुढे गाडी अपेक्षेइतकी खपली नाही, २०१८ मध्ये उत्पादन थांबले, पण त्याची कारणे वाऱ्यात नव्हती.

त्याआधी २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, बघा. इंडिकाचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन अर्धे केले तर जेवढे होईल तेवढे त्याचे इंजिन, ७०२ सीसीचे. तोंड सपाट, कारण चालकाला चाकांच्या वर बसवले की त्याच लांबीत माल ठेवायला जागा जास्त मिळते. बाजारगावातून वाडीवर कांदे नेणाऱ्याला वाऱ्यापेक्षा हौद्याची लांबी महत्त्वाची. बजाजची क्यूट आणखी पुढे गेली. २१६ सीसीचे इंजिन, सुमारे ४०० किलो वजन आणि वेग ताशी ७० वर बांधलेला. वेगालाच वेसण घातल्यावर वाऱ्याचा हिशेब बराचसा आपोआप मिटतो. तेल वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय कुठलाही साचा देऊ शकत नाही.

आता तुमच्या दारावरचा ट्रक. समजा, भरलेला ट्रक ३५ टनांचा आहे. चांगल्या रस्त्यावर टायरांची ओढ सुमारे २८० किलो, आणि ताशी ३० ला वाऱ्याची ओढ सुमारे २५ किलो. रस्ता उखडलेला असला तर टायरांची ओढ दुपटीच्या घरात जाते. शंभर मीटरमध्ये एक मीटर एवढाच चढ लागला तर आणखी ३५० किलो. या ट्रकचे तोंड कितीही निमुळते केले तरी २५ किलोंतले पाच-सहा सुटणार. रस्त्यातले खड्डे बुजवले तर शेकडो किलो सुटतील. तुमच्या रस्त्यावर तेल पिणारा वारा नाही, रस्ता आहे. आणि सपाट तोंडाच्या ट्रकला त्याच लांबीत जास्त हौदा मिळतो, चालकाला पुढचे चाक कुठे आहे ते कळते, वळण आखूड घेता येते. जंगलातल्या अरुंद रस्त्यावर या गोष्टींची किंमत वाऱ्याहून मोठी आहे.

जाता जाता आणखी एक निरीक्षण. चंद्रपूर-घुग्घुस भागात कोळशाचे ट्रक दिसतात, त्यांचे हौदे उंच असतात. खनिजाच्या ट्रकांचे हौदे तुलनेने उथळ. कारण एक घनमीटर सुटा कोळसा टनाच्या आत भरतो आणि तेवढेच लोहखनिज अडीच टनांच्या आसपास. खनिजाचा हौदा काठोकाठ भरायच्या आधीच ट्रकची वजनाची मर्यादा संपते. ट्रकचा आकार वाऱ्याने ठरत नाही, मालाच्या वजनाने ठरतो.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात टिप्पर चालवतो. माल उतरवून रिकामे परतताना हौद्यावर ताडपत्री बांधली तर तेल वाचते असे एक जण म्हणाला. रिकाम्या हौद्याला ताडपत्री बांधण्यात काय अर्थ?
— एक चालक

उत्तर : अर्थ आहे, आणि तो वरच्याच हिशेबात लपलेला आहे. भरलेल्या ट्रकला वजन खाते, रिकाम्याला वारा. रिकामा ट्रक १२ टनांचा धरा. टायरांची ओढ ९५ किलोंच्या आसपास येते. मोकळ्या महामार्गावर ताशी ६० ने निघालात तर वाऱ्याची ओढ सुमारे १०० किलो, म्हणजे टायरांच्या बरोबरीला आली. आता उघडा हौदा म्हणजे वाऱ्यासाठी उघडे तोंड. केबिनवरून आलेली हवा हौद्यात कोसळते, मागच्या फाळक्यावर आतून आदळते आणि तिथेच घुसळत राहते. ताडपत्री ताणून बांधली की हवा वरून सरळ निघून जाते. सैल, फडफडणारी ताडपत्री मात्र उलट वारा खाते.

ट्रकच्या वाऱ्यावर करता येण्यासारख्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त, कारण ताडपत्री माल झाकण्यासाठी विकत घेतलेलीच असते. दर फेरीला चढून दोऱ्या आवळायचा कंटाळा ही त्याची खरी किंमत. म्हणून जिथे फेऱ्या लांब आणि रस्ता मोकळा, तिथे हँडल फिरवून गुंडाळणारी ताडपत्री बसवून घेणे मालकाला परवडते. वीस किलोमीटरच्या खडबडीत फेरीसाठी त्यात पैसे घालू नका. त्याऐवजी टायरची हवा रोज बघा. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, दबलेला टायर जास्त तापतो, आणि ती उष्णता तुमच्या टाकीतूनच आलेली असते.

केबिनवर बसवायची उतरती पाटी आपल्या महामार्गांवर कधीकधी दिसते. केबिनपेक्षा मागचा डबा उंच असेल तरच तिचा उपयोग. बंद कंटेनरच्या ट्रकला ती फायद्याची, उथळ हौद्याच्या टिप्परला ती नुसते ओझे.

प्रश्न : मग सूरजागडसारख्या ठिकाणी तेल वाचवायचे तर नेमके काय करायला हवे? विजेचे ट्रक चालतील का?
— चामोर्शीहून एक विद्यार्थी

उत्तर : खनिज डोंगरावर आहे आणि खाली न्यायचे आहे, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. ३५ टनांचा भरलेला ट्रक शंभर मीटर खाली उतरला तर साधारण साडेनऊ युनिट विजेएवढी ऊर्जा मोकळी होते. डिझेलच्या ट्रकमध्ये ती ब्रेक आणि इंजिनाच्या रोधात तापून जाते, आणि तुम्हाला ब्रेकचा जळका वास येतो. विजेच्या ट्रकमध्ये मोटर उलट जनित्र म्हणून चालते आणि त्यातला मोठा भाग बॅटरीत परत जातो. रिकामा, बारा टनांचा ट्रक पुन्हा शंभर मीटर वर न्यायला सव्वातीन युनिटांहून थोडे जास्त लागतात. म्हणजे नुसत्या चढउताराचा हिशेब शिलकीत येतो. सपाटीवर मात्र भरला ट्रक किलोमीटरला पाऊण युनिट टायरांवरच घालवतो, म्हणून शिल्लक सगळ्या वाटेला पुरणार नाही. पण स्वित्झर्लंडमध्ये पेरी इथल्या खाणीत ६५ टन माल उतरवून आणणारा विजेचा डंपर याच तत्त्वावर चालला. त्याच्या आकाराकडे कोणी बघितले तर वाऱ्याचा विचार कुणाच्या मनातही आला नसेल असे वाटावे, एवढा तो ओबडधोबड. उतारावर हळू चालणाऱ्या यंत्रासाठी पैसा बॅटरीत घालायचा, पत्र्याच्या वळणात नाही.

आणखी पुढचे पाऊल म्हणजे वाहनच काढून टाकणे. सूरजागडजवळच्या हेडरीहून कोनसरीपर्यंत खनिजाची नळवाहिनी टाकण्यात आली आणि २०२५ च्या जुलैत तिचे उद्घाटन झाले. लांबी सुमारे ८५ किलोमीटर. खनिज दळून, पाण्यात कालवून, नळातून पाठवायचे. यात परतीची रिकामी फेरी नाही, टायर नाहीत, ट्रकच्या हौद्याचे वजन वाहून नेणे नाही.

पण विरोध तिथेही सुटत नाही. नळाच्या भिंतीशी होणारे घर्षणही वेगाच्या जवळपास वर्गाने वाढते. खनिज-पाण्याची ही राबडी जोरात ढकलली तर पंपाची वीज वाढते आणि लोहखनिजाचे कण नळ आतून खरवडतात. फार हळू ढकलली तर कण तळाशी बसून नळ तुंबतो. म्हणून अभियंता मधला एक वेग निवडतो, साधारण माणसाच्या झपाझप चालीएवढा. नॅनोच्या चमूने लाखात गाडी बसवताना केली तशीच ही तडजोड. तिथे पत्रा, लांबी आणि वारा, इथे पंप, नळाची जाडी आणि गाळ.

त्यामुळे कुठल्याही स्वस्त वाहनाबद्दल पहिला प्रश्न 'आकार कसा?' हा विचारू नये. ते दिवसातले किती तास, किती वेगाने, किती ओझे घेऊन, कुठल्या रस्त्यावर चालणार, हे विचारावे. मग एकूण ओढीतला मोठा वाटा कुणाचा ते दिसते, आणि रुपया तिथे जातो. समजा, वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या, लिटरला वीस देणाऱ्या मोटारीचा आकार सुधारायला दहा हजार रुपये जास्त पडले, आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर आहे. नागपूर–पुणे धावणाऱ्याचे तेल दहा टक्के वाचले तर वर्षाला पाच हजार वाचतील, दोन वर्षांत पैसे फिटले. एटापल्ली–आलापल्ली येजा करणाऱ्याचे तीन टक्के वाचले तर दीड हजार, म्हणजे जवळजवळ सात वर्षे. गाडी तीच, आकार तोच, बदलला तो रस्ता.

घरी करून बघा

गाडीचा विरोध मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. गाडी ठराविक वेगाला नेऊन गिअर काढायचा आणि ती किती सेकंदांत मंदावते ते घड्याळावर बघायचे. तुम्ही हेच सायकलवर करा, पण ट्रकच्या रस्त्यावर नको. गावातला एखादा सौम्य, मोकळा उतार निवडा. वरून पायडल न मारता सोडा आणि सायकल जिथे थांबेल तिथे खूण करा. एकदा ताठ बसून, एकदा छाती हँडलला लावून. मग टायरची थोडी हवा सोडून पुन्हा एकदा. उतार मोठा असेल आणि वेग आला असेल तर वाकून बसण्याने खूण बरीच पुढे जाईल. उतार लहान असेल तर वाकण्याचा फरक फारसा दिसणार नाही, टायरच्या हवेचा मात्र लगेच दिसेल.

मुलाला मोबाइल बाजूला ठेवायला सांगून मोठ्या आणि लहान अशा दोन्ही उतारांवर घेऊन जा. त्याचा थेंब कुठल्या उतारावर कामाचा आणि तुमचा चौकोनी ट्रक कुठल्या उतारावर बरोबर, हे जमिनीवरच्या खुणाच सांगतील. प्रयोग झाल्यावर टायरमध्ये हवा भरायला विसरू नका.